टोल्यूइनच्या बाष्पदाबाचे तीन आकडे जुळतात, कॉलम जुळत नाही

लोटे_बीशिफ्ट

नमस्कार मंडळी. आमच्या लोटे-परशुरामच्या (रत्नागिरी जिल्हा) प्लँटवर टोल्यूइन हे सॉल्व्हंट परत मिळवायचा एक पॅक्ड कॉलम (आत पॅकिंग भरलेला ऊर्ध्वपातनाचा मनोरा) व्हॅक्यूमवर चालतो. टॉपच्या डायल गेजवर ६६० मिमी व्हॅक्यूम दिसतं. लॉगशीटमध्ये ७६० वजा ६६०, म्हणजे १०० मिमी अ‍ॅब्सोल्यूट धरतात. या दाबाला टोल्यूइन ५१.९ अंशांना उकळायला हवं. टॉपचा आरटीडी (तापमानाचा सेन्सर) मात्र ४८.३ ला जाऊन बसतो आणि तिथून हलत नाही. जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ) टॉपचा माल ९९.७ टक्के टोल्यूइन आहे.

साहेबांचं म्हणणं, बाष्पदाबाचा डेटाच चुकीचा असणार. म्हणून अँटोइनच्या सूत्राचे (बाष्पदाबाचा लॉग = ए − बी ÷ (तापमान + सी)) स्थिरांक तीन ठिकाणांहून काढले:

जुनी डिझाइन फाइल (मिमी पारा, सेल्सिअस, लॉग १०): ए ६.९५४६४, बी १३४४.८, सी २१९.४८२
अमेरिकेच्या निस्ट संस्थेचं वेबबुक (बार, केल्विन, लॉग १०): ए ४.०७८२७, बी १३४३.९४३, सी −५३.७७३
कन्सल्टंटची एक्सेल (मिमी पारा, केल्विन, नॅचरल लॉग): ए १६.०१३७, बी ३०९६.५२, सी −५३.६७

१०० मिमीला तिन्हींचं उत्तर ५१.९४ येतं. तीन ठिकाणचे आकडे जुळले म्हणजे डेटा बरोबर असं धरायचं का? की याहून पक्की तपासणी काही आहे? पुढे याच कॉलमवर डीएमएफ (डायमिथाइलफॉर्ममाइड, आणखी एक सॉल्व्हंट) येणार आहे आणि त्याचं आमच्याकडे सप्लायरच्या पानाशिवाय काही नाही. त्यामुळे तपासायची रीत कळली तर बरं.

पारा७६०

डेटाला नंतर हात लावा, आधी ते ७६० खोडा.

डायल गेज आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत व्हॅक्यूम दाखवतं. म्हणून ६६० वजा करायचे ते त्या दिवशीच्या, त्या जागेच्या हवेच्या दाबातून. पावसाळ्यात आपल्या किनारपट्टीवर दाब उतरलेला असतो. १००४ हेक्टापास्कल धरला तर ७५३ मिमी होतात. म्हणजे तुमचा अ‍ॅब्सोल्यूट दाब १०० नाही, ९३. त्या दाबाला टोल्यूइन ५०.२ ला उकळतं. पावणेदोन अंश इथेच गेले.

दुसरी गोम अशी की हवामान खात्याच्या साइटवर रत्नागिरीचा जो दाब दिसतो तो बहुतेकदा समुद्रसपाटीवर आणून दिलेला असतो. तुमचं युनिट खाडीच्या काठाला नाही, चढावर आहे. दर १०० मीटर उंचीला साधारण ११ ते १२ हेक्टापास्कल, म्हणजे साडेआठ मिमी कमी धरा. ७६० च्या हिशोबात साडेआठ मिमी कोणाच्या नजरेत येत नाहीत. १०० मिमी अ‍ॅब्सोल्यूटच्या हिशोबात तीच साडेआठ टक्क्यांची चूक होते.

तिसरं, गेजचा अचूकतेचा क्लास बघा. डायलवर बारीक अक्षरात १.६ लिहिलं असेल तर ७६० च्या रेंजवर ±१२ मिमी माफ आहे. कॅलिब्रेशनचं स्टिकर ताजं असलं तरी हे १२ मिमी सुटत नाहीत. ८५ मिमी अ‍ॅब्सोल्यूटला १२ मिमी म्हणजे साधारण ३ अंश. अशा गेजवरून बाष्पदाबाच्या डेटाला दोषी ठरवता येत नाही.

आणि गेज नक्की कुठे बसवलंय? व्हेपर लाइनवर की कंडेन्सरच्या पुढे पंपाजवळ? पंपाजवळ असेल तर कंडेन्सरमधला काही मिमींचा दाबफरक तुमच्या हिशोबात नाही. त्याचा परिणाम उलट दिशेचा असतो, कॉलमचं डोकं गेजपेक्षा जास्त दाबावर असतं.

उकळ_आणि_गाळ

पारासाहेबांनी कॉलमचं सांगितलं, मी डेटाचं बोलतो.

तुमचे तीन आकडे जुळले, कारण ते तीन नाहीतच. पहिल्या संचातल्या ए आणि बी ला २.३०२५८५ ने गुणा: १६.०१३७ आणि ३०९६.५. सी मधून २७३.१५ वजा करा: −५३.६७. झाली कन्सल्टंटची एक्सेल. आता पहिल्या ए मधून २.८७५१ वजा करा, मिमीचं बार होईल: ४.०७९५. वेबबुकच्या संचाला हे इतकं खेटून आहे की मूळ मोजणी एकच असणार हे उघड दिसतं. वेबबुकवर त्या ओळीपुढे मूळ काम दिलेलं आहे: विलिंगहॅम आणि सहकारी, १९४५, अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समधलं. एकाच माणसाची साक्ष तीन वहीत उतरवली म्हणून साक्षीदार तीन होत नाहीत. (ती मोजणी उत्तम आहे, तो भाग वेगळा.)

त्यामुळे कोणत्याही पदार्थाचा डेटा हाती आला की पहिला प्रश्न हा, की मूळ मोजणी कोणाची आणि किती ते किती तापमानात. वरच्या वेबबुक संचाची मर्यादा ३०८.५ ते ३८४.७ केल्विन आहे, म्हणजे ३५.४ ते १११.५ अंश. तुमचे ४८ अंश त्यात बसतात, चिंता नाही. २५ अंशांच्या स्टोरेज टँकच्या व्हेंटसाठी तोच संच वापरलात तर तुम्ही मर्यादेबाहेर आहात.

बाहेर गेल्यावर काय होतं ते पाण्यावर पाहता येतं, कारण पाण्याचे आकडे स्टीम टेबलमध्ये पक्के आहेत. सगळीकडे फिरणारा संच ८.०७१३१, १७३०.६३, २३३.४२६ हा १ ते १०० अंशांचा. १५० अंशांना तो ३६१२ मिमी देतो, खरे ३५७२. चूक १.१ टक्के. २०० अंशांना चूक २.७ टक्क्यांवर जाते. आता हे बघा: ६० अंशांना, म्हणजे मर्यादेच्या आत, तो १४९.० देतो आणि स्टीम टेबल १४९.६. ०.४ टक्के कमी. पाच दशांश स्थळं छापली म्हणजे पाच अंकांची अचूकता आली असं नव्हे.

आता खरी तपासणी. बाष्पदाबाचा उतार आणि बाष्पीभवनाची उष्णता एकमेकांना बांधलेली आहेत, आणि उष्णता कॅलरीमीटरनं स्वतंत्रपणे मोजलेली असते. हा खरा दुसरा साक्षीदार. अँटोइनवरून उष्णता अशी काढा:

१९.१४५ × बी × [केल्विन तापमान ÷ (सेल्सिअस तापमान + सी)]², उत्तर जूल प्रति मोल.

टोल्यूइन, २५ अंश: १९.१४५ × १३४४.८ × (२९८.१५ ÷ २४४.४८२)² = ३८,२९०. बाष्प आदर्श वायू नसल्याची ०.४ टक्के वजावट केली की ३८.१ किलोजूल. कॅलरीमीटरचा आकडा ३८.०. उत्कलनबिंदूला सूत्र ३४.८ देतं. तिथे वजावट मोठी, साडेचार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३३.२. मोजलेला आकडाही ३३.२. दोन्ही टोकं जुळली, डेटा सुदृढ आहे. मर्यादेबाहेर २५ अंशांनाही फार बिघडत नाही हेही कळलं, पण ते तपासल्यावर कळलं.

उत्कलनबिंदूजवळची ती वजावट विसरू नका. ती न करता कॅलरीमीटरशी तुलना करून चांगला डेटा फेकून देणारे लोक असतात.

आणखी एक झटपट कसोटी, वरच्या टोकासाठी. टोल्यूइनचं क्रांतिक तापमान ५९१.८ केल्विन, क्रांतिक दाब ४१.१ बार. त्याच्या ०.७ पट तापमानाला, म्हणजे १४१.१ अंशांना, सूत्रातून २.२४ बार येतात. २.२४ ला ४१.१ नं भागा, लॉग घ्या, चिन्ह बदला, १ वजा करा: ०.२६४. हा अ‍ॅसेंट्रिक फॅक्टर (प्रत्येक पदार्थाचा ठरलेला आकडा), छापील तक्त्यांतही ०.२६४ च्या आसपासच असतो. इथे ०.३ किंवा ०.२२ आलं असतं तर कुठेतरी पाणी मुरतंय असं समजायचं.

टायपिंगच्या चुकांसाठी तर एवढंही लागत नाही. सामान्य उत्कलनबिंदू घाला, ७६० च्या जवळ येतं का पाहा. आकड्यांची अदलाबदल, लॉग आणि नॅचरल लॉगचा घोळ, बार-मिमीचा घोळ, सगळे तिथेच सापडतात. फक्त एक लक्षात ठेवा, ७६० बरोबर येणं ही किमान अट आहे. उतार चुकीचा असूनही एका बिंदूतून रेषा जाऊ शकते, आणि तुम्ही काम करणार ८५ मिमीला.

लोटे_बीशिफ्ट

पारासाहेब, गेज व्हेपर लाइनवरच आहे. क्लास १.६ च निघाला. मोबाइलमधल्या बॅरोमीटरनं प्लँटवर ९९३ हेक्टापास्कल दाखवले, म्हणजे ७४४.८ मिमी. ६६० वजा करून ८४.८ राहतात. त्याला सूत्र ४८.१ देतं. आरटीडी ४८.३. बाकी राहिले ०.२ अंश.

आता टॉपला पाणी येत असेल अशी शंका घ्यावी का? जीसीचा डिटेक्टर एफआयडी (ज्योतीवर चालणारा) आहे.

पारा७६०

०.२ अंशांवर शंका घेऊ नका. मोबाइलचा बॅरोमीटर १ हेक्टापास्कलनं चुकला तरी तेवढ्यानंच जवळपास ०.२ अंश सरकतात. तुमचा आरटीडी क्लास ए चा पीटी-१०० असेल तर ५० अंशांना त्याची स्वतःची माफी ±०.२५ अंश, क्लास बी असेल तर ±०.५५. शिवाय १.६ च्या गेजवर इतकं नेमकं जुळलं यात थोडा नशिबाचाही भाग आहे. टॉपला अ‍ॅब्सोल्यूट ट्रान्समीटर बसवा, ०-२०० मिमी रेंजचा मिळाला तर उत्तम. मग हवामानाचा प्रश्नच उरत नाही.

पाण्याचं म्हणाल तर एफआयडीला पाणी दिसत नाही हे खरं. पण टॉपला पाण्याचा वेगळा थर असता तर ८४.८ मिमीला तापमान ३४ अंशांच्या आसपास पडलं असतं, कारण पाणी आणि टोल्यूइन आपापला पूर्ण दाब देतात: ३४ अंशांना ४० आणि ४४.६ मिमी. ४८ ला स्थिर आहे म्हणजे मोकळं पाणी नाही.

दमट_हवा

पाण्याचा विषय निघालाच आहे तर मोजणीत ते काय करतं ते सांगते, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर निम्म्या चुका तिथूनच येतात.

२५ अंशांना कोरड्या टोल्यूइनचा बाष्पदाब २८.४ मिमी. टोल्यूइनमध्ये पाणी विरघळतं जेमतेम ०.०५ टक्के, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण संपृक्त झालं की ते ०.०५ टक्के पाणी जवळपास शुद्ध पाण्याइतका दाब देतं, २३.७ मिमी. बाष्पदाब मोजायच्या बंद सेलमध्ये एकूण ५२ दिसतील. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या टोल्यूइनचा बाष्पदाब जवळपास दुप्पट! ५० पीपीएम पाणी राहिलं तरी २.४ मिमी वाढतात, म्हणजे ८ टक्के. त्यामुळे कार्ल फिशर (पाणी मोजायची चाचणी) केल्याशिवाय सेल भरायचा नाही. ४ए मॉलिक्युलर सीव्हवर रात्रभर ठेवून पाणी १० पीपीएमच्या खाली आणा, आणि बाटली उघडी ठेवून सिरिंज शोधत बसू नका.

विरघळलेल्या हवेचंही तेच. स्टॅटिक सेल किंवा आयसोटेनिस्कोप (दोन्ही बंद भांड्यातला बाष्पदाब मोजणारी) वापरत असाल तर गोठवा, व्हॅक्यूम ओढा, झडप बंद करून वितळवा, असं तीन-चार वेळा. पुढच्या फेरीत दाब आधीच्या फेरीइतकाच आला की थांबा. टोल्यूइन −९५ ला गोठतं, ड्राय आइसचे −७८ त्याला पुरत नाहीत. लिक्विड नायट्रोजन लागतो. आपल्याकडे तो मिळायचं जवळचं ठिकाण बहुधा जनावरांच्या कृत्रिम रेतनाची सोय असलेलं केंद्र असतं, गंमत वाटली तरी खरं आहे. नळी हवेला उघडी ठेवून लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवू नका, ऑक्सिजन द्रव होऊन आत साठतो आणि सॉल्व्हंटबरोबर तो स्फोटक असतो.

सेलमध्ये अशुद्धी आहे का हे ओळखायची सोपी युक्ती: तोच नमुना, तेच तापमान, पण सेल एकदा पाऊण भरून आणि एकदा पाव भरून दाब घ्या. शुद्ध पदार्थाचा दाब द्रव किती आहे यावर अवलंबून नसतो. आकडा बदलला तर हवा, पाणी किंवा दुसरं काही हलकं आत आहे.

लोटे_बीशिफ्ट

ताई, आमच्या लॅबमध्ये काचेचा एबुलिओमीटर (ठरलेल्या दाबाला उत्कलनबिंदू मोजायचं उपकरण) आहे, पाऱ्याचा यू-ट्यूब मॅनोमीटर आहे. डीएमएफसाठी हे चालेल का? सप्लायरच्या पानावर फक्त दोन आकडे आहेत: २० अंशांना २.७ मिमी, उत्कलनबिंदू १५३.

दमट_हवा

चालेल, आणि डीएमएफसाठी एबुलिओमीटरच बरा. विरघळलेली हवा उकळताना आपोआप निघून जाते.

आधी त्या दोन आकड्यांची परीक्षा घ्या, फुकट आहे. ७६० भागिले २.७ चा नॅचरल लॉग ५.६४. दोन तापमानांच्या व्यस्तांमधला फरक ०.००१०६५. भागाकार करून ८.३१४ नं गुणा, ४४ किलोजूल प्रति मोल येतात. डीएमएफची बाष्पीभवन उष्णता २५ अंशांना ४७ च्या आसपास आहे आणि उत्कलनबिंदूकडे जाताना ती उतरते, त्यामुळे मधली सरासरी ४४ पटते. तोच आकडा हेक्टापास्कलमध्ये ३.६ असतो. चुकून ३.६ मिमी छापला असता तर उत्तर ४१.८ आलं असतं आणि कान टवकारले असते. म्हणजे सप्लायरचे आकडे निदान एकमेकांशी भांडत नाहीत. यापेक्षा जास्त दोन बिंदूंतून निघत नाही.

आता मोजणी. पहिल्यांदा उपकरणात डीएमएफ घालायचंच नाही, डिस्टिल्ड पाणी घालायचं. ५० अंशांना ९२.६ मिमी, ६० ला १४९.६, ७० ला २३४.०, ८० ला ३५५.६, ९० ला ५२६.४. हे पाच बिंदू ०.५ टक्क्यात येईपर्यंत पुढे जाऊ नका. पाणी चुकतं तिथे डीएमएफ बरोबर येईल कसं?

पाऱ्याच्या मॅनोमीटरला दोन दुरुस्त्या लागतात आणि आपल्याकडे दोन्ही एकाच दिशेला जातात. ३० अंशांच्या खोलीत पारा प्रसरण पावलेला असतो, ७६० च्या वाचनातून ३.७ मिमी वजा (पितळी पट्टीसाठी). कोकणच्या अक्षांशाला गुरुत्व ९.७८५, प्रमाण ९.८०६६५, म्हणून आणखी १.७ मिमी वजा. एकूण ५.४ मिमी, ०.७ टक्के. या दुरुस्त्या टक्केवारीच्या असल्यानं कमी दाबालाही तेवढीच टक्केवारी लागते. पारा मळका असेल, काचेला शेपटी सोडत असेल, तर वाचनच घेऊ नका. सांडला तर झाडू मारू नका, गंधकाची पूड टाका आणि खोली उघडा.

थर्मामीटर किंवा पीटी-१०० शून्यावर तपासा. बर्फ डिस्टिल्ड पाण्याचा, घरच्या फ्रीजमध्ये केलेला, बारीक चुरून त्याच पाण्यात भिजवलेला. हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या बंदरावरचा मासळीचा बर्फ आणू नका. तो साध्या पाण्याचा असतो, वर मीठ लागलेलं, शून्याच्या खाली दाखवेल आणि तुम्ही चांगल्या आरटीडीला दुरुस्ती लावून बसाल.

उकळताना हीटरचा करंट थोडा कमी-जास्त करून पाहा. योग्य पट्ट्यात तापमान ०.०२ अंशांपेक्षा जास्त हलत नाही. करंटबरोबर वर चढत राहिलं तर द्रव अतितप्त होतोय, कमी केल्यावर पडलं तर बाष्प थर्मोवेलपर्यंत धड पोचत नाही. पंप आणि उपकरण यांच्यामध्ये १०-२० लिटरची रिकामी टाकी ठेवा, नाहीतर पंपाच्या प्रत्येक ठोक्याला तापमान नाचतं. काचेची असेल तर जाळी किंवा टेप गुंडाळून. बिंदू आठ-दहा घ्या, तापमानात समान अंतरावर नाही, दाबाच्या लॉगमध्ये समान अंतरावर. आणि शेवटी पहिला बिंदू परत घ्या.

डीएमएफमध्ये हा शेवटचा नियम सर्वात महत्त्वाचा. ते उत्कलनबिंदूला थोडं थोडं फुटतं, डायमिथाइलअमाइन आणि कार्बन मोनॉक्साइड होतं. अमाइन ७ अंशांना उकळणारं, म्हणून जरासं झालं तरी दाब फुगतो. त्यामुळे १०० अंशांच्या वर विनाकारण जाऊ नका, तुम्हाला व्हॅक्यूमचाच डेटा हवा आहे. माशासारखा वास आला किंवा परत घेतलेल्या पहिल्या बिंदूला त्याच दाबाला तापमान कमी आलं, तर वरचे बिंदू रद्द. सुकवायला ३ए सीव्ह. कॉस्टिक किंवा कॅल्शियम हायड्राइड नको, अल्कलीनं फुटणं वाढतं. ०.१ टक्का पाण्यानं २५ अंशांना दाबात दोन-अडीच टक्के भर पडते, तेव्हा कार्ल फिशर इथेही आधी. आणि हे सगळं फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालून. डीएमएफ कातडीतून आत जातं.

१ मिमीच्या खाली एबुलिओमीटरचा भरवसा नाही. तिथे वायू संपृक्त करून वाहून नेण्याची किंवा एफ्यूजनची पद्धत लागते, ओईसीडीच्या १०४ क्रमांकाच्या चाचणीत कोणत्या दाबाला कोणती पद्धत ते दिलं आहे. तुम्हाला त्याची गरज नाही.

उकळ_आणि_गाळ

ताईंनी आकडे घ्यायचं सांगितलं, ते वाचायचं मी सांगतो. सूत्राशी फरक टक्क्यांत काढा आणि तापमानासमोर मांडा. चूक कुठली ते त्या रेषेच्या आकारावरून कळतं.

गेजचं शून्य २ मिमीनं सरकलं असेल तर ७६० ला ०.२६ टक्के, ५० मिमीला ४ टक्के. कमी दाबाकडे एकदम उसळी. थर्मामीटर ०.५ अंशांनी चुकत असेल तर टोल्यूइनला १११ अंशांना १.४ टक्के, ३६ अंशांना २.४ टक्के, म्हणजे सावकाश चढ. पाऱ्याची दुरुस्ती राहिली असेल तर सगळीकडे सारखा फरक, आडवी रेषा. हवा किंवा पाणी असेल तर स्टॅटिक सेलमध्ये फरक नेहमी अधिक चिन्हाचा आणि थंड बाजूला मोठा. बिंदू रेषेच्या दोन्ही बाजूंना विखुरले असतील तर तो निव्वळ हाताचा थरथराट, त्याची सरासरी काढता येते. बाकीच्यांची नाही.

घाटाखालचा

सगळं वाचलं. पण दादा, टोल्यूइन आणि जड तळाचा माल वेगळा करायचा तर एवढ्या अचूकतेची गरज आहे का? १ टक्का इकडे-तिकडे झाल्यानं कॉलम पडत नाही.

उकळ_आणि_गाळ

काय वेगळं करताय त्यावर आहे. फेन्स्केच्या सूत्रात प्लेटांची (कॉलममधल्या टप्प्यांची) संख्या सापेक्ष बाष्पशीलतेच्या (एक पदार्थ दुसऱ्यापेक्षा किती पट सहज उडतो त्याच्या) लॉगच्या व्यस्त प्रमाणात असते. बेंझीन-टोल्यूइनसारखी २.४ असेल तर १ टक्का चुकीनं प्लेटा १ टक्क्यानं बदलतात, सोडून द्या. जवळ उकळणाऱ्या आयसोमरांची १.०५ असेल आणि डेटानं ती १.०६ सांगितली, तर प्लेटा १६ टक्क्यांनी कमी निघतात. कॉलम उभा राहिल्यावर त्यात पॅकिंग वाढवायला जागा नसते. लोटेच्या मंडळींच्या टोल्यूइनला १ टक्का पुष्कळ झाला. डीएमएफमधून पाणी काढायचं असेल तर शुद्ध पदार्थांच्या बाष्पदाबापेक्षा मिश्रणाचा डेटा जास्त महत्त्वाचा, तो वेगळा धागा होईल.

लोटे_बीशिफ्ट

स्टोअरमध्ये एक पिरानी गेज पडून आहे. अ‍ॅब्सोल्यूट ट्रान्समीटर येईपर्यंत टॉपला तो लावू का?

पारा७६०

नको. पिरानी वायूच्या उष्णतावहनावर चालतो आणि नायट्रोजनवर कॅलिब्रेट केलेला असतो. टोल्यूइनच्या बाष्पात तो भलतंच दाखवेल, शिवाय ८५ मिमीला त्याची संवेदनशीलता संपत आलेली असते. कोणी मॅक्लिऑड गेज सुचवलं तर तेही नको, त्यात बाष्प दाबलं की द्रव होतं आणि वाचन खाली येतं. तोवर लॅबचाच यू-ट्यूब मॅनोमीटर ताईंच्या दुरुस्त्यांसह टॉपच्या नोझलला जोडा, मध्ये कोल्ड ट्रॅप ठेवून. मॅनोमीटरचं दुसरं टोक बंद आणि निर्वात असलेलंच घ्या. उघड्या टोकाचं लावलंत तर पुन्हा हवेच्या दाबाची वजाबाकी आली.

डायलच्या शेजारी दोन्ही वाचनं एकाच वेळी नोंदवा. त्यातून डायलची खरी चूक किती ते कळेल आणि जुन्या लॉगशीटचे आकडेही वापरता येतील.